तुटक रेघ

सार्डिनच्या कारखान्यात मी पगाराची पाकिटं भरते.
ओल्यांव गाव, पोर्तुगालचं दक्षिण टोक.
आमच्या नोटांनाही मासळीचा वास येतो,
बँकेतला पोरगा त्या दोन बोटांनी उचलतो.
माझा स्वतःचा पगार महिन्याचा,
किती पाकिटं चिकटवली ते कुणी मोजत नाही.

पूर्वी सोपं होतं. तास गुणिले दर.
ग्रासियेतचे आठ तास आणि एतेल्विनाचे आठ तास
माझ्या वहीत जुळ्या बहिणींसारखे शेजारी बसत,
एकीचा हात वाऱ्यासारखा,
दुसरीचा गप्पांत अडकलेला, तरी.

मग लिस्बनहून बाल्टाझारसाहेब आले,
बगलेत गुंडाळलेला कागद.
भिंतीवर उलगडला:
वर एक चौकट, खाली तीन, त्याखाली अकरा,
आणि तळाला एकच लांबट चौकट – पॅकिंग, ६४.
चौसष्ट बायका शेजारी शेजारी बसवलेल्या,
फक्त तेल ओतायचं बाकी.

माझी चौकट बाजूला, तुटक रेघेनं जोडलेली.
देओलिंदानं एप्रनला हात पुसत विचारलं,
"ही तुटक का गं?"
म्हटलं, "तुटली तर कळू नये म्हणून."

सोमवारपासून डब्यामागे पैसे.
साहेब म्हणाले, जितकं काम तितकं दाम,
तासाचा पगार म्हणजे आळशांचा पाळणा.
पहिल्या आठवड्यात ग्रासियेतनं साडेचार हजार डबे भरले.
तिचं पाकीट चिकटेना, मी दोनदा थुंकी लावली.
तिनं मुलाला चष्मा घेतला.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी माझी वही मागितली,
ग्रासियेतच्या आकड्यावर पेन्सिल टेकवली
आणि दर खाली आणला.
"हात बसलाय आता त्यांचा."
आवळा देऊन कोहळा.
तेवढ्याच पाकिटासाठी आता हजार डबे जास्त.

त्या दिवसापासून देओलिंदा
शंभर डबे झाले की सुरी खाली ठेवते,
पाणी पिते, खिडकीकडे बघते.
कुणाला काही सांगत नाही.
चौसष्ट सुऱ्या खाली.
दिवसाला सहाशे वीस. ना एकोणीस, ना एकवीस.
माझी बेरीज डोळे मिटून जुळते.

पाणी कुठे मुरतंय ते साहेबांना कळेना.
त्यांनी बोनस लावला. मग 'महिन्याची उत्तम कामगार'
म्हणून सोनेरी फ्रेम टांगली.
ती अजून रिकामी आहे.
तिच्या काचेत बघून एतेल्विना टोपीत केस कोंबते.

ऑगस्टात एका रात्री शीतगृह बंद पडलं,
आत अकरा टन मासळी.
भोंगा वाजला तेव्हा साहेब लिस्बनला,
तक्त्यातल्या वरच्या चौकटींचे फोन बंद.
देओलिंदा दारात उभी राहिली:
तान्हं पोर कुणाचं? तू घरी जा.
तुझी दोघं माझ्या सुनेकडे सोड.
तू बर्फ बघ. ग्रासियेत, तू माझ्यासमोर.
एतेल्विना, तू बोलत राहा,
म्हणजे कुणी झोपणार नाही.

सकाळपर्यंत टोपलीभर मासाही वाया गेला नाही.
डबे कुणी मोजले नाहीत.

शुक्रवारी मी वही उघडून बसले.
तास लिहू? डबे लिहू?
या रात्रीसाठी माझ्याकडे रकानाच नव्हता.
साहेब म्हणाले, "मी कुठे सांगितलं होतं?"
मग जरा थांबून, खरंच कळत नसल्यासारखं,
"कशासाठी केलं असेल त्यांनी?"

मी जाऊन देओलिंदाला विचारलं.
ती सुरीला धार लावत होती.
"मासा वाट बघत नाही बाई, नासतो.
आणि साहेबाला सांग, दीडपट लाव.
मन लावलं होतं.
फुकट नव्हतं लावलं."

साहेब तोवर जेवायला गेले होते.
मी चौसष्ट नावांपुढे दीडपट लिहिलं,
घरी पाठवलेलीच्याही.
तळाशी मंजुरीची जागा,
एक तुटक रेघ.
तिच्यावर मी माझं नाव लिहिलं.

पाकिटं वाटून झाल्यावर
मला भीती वाटायला लागली.