सात गाठींची तार

तिसावर बॅटरी. पंधरावर चावी.
एकतीस म्हणजे जमीन, आणि जमिनीचा रंग तपकिरी.
इथवर मला पाठ होतं. नकाशा जर्मन, शिस्तही तशीच:
लाल तार शेवटपर्यंत लाल,
काळी दिलेला शब्द फिरवणार नाही.

मग मी टाकी उतरवली, सीट काढली,
तर आत सगळ्याच तारा राखाडी.
एकाच रिळाच्या. त्या वर्षांत दुकानात
मिळे ते मिळे, ब्यार्नातला राखाडी मिळालं.
सहा व्होल्टची गाडी त्याने बाराची केली,
दुसऱ्याच मॉडेलचा अल्टरनेटर बसवला,
उजवीकडे साइडकार जोडली,
आणि कागदावर यातलं अवाक्षर नाही.

मी नोकरीला कोळशाच्या वीजकेंद्रात.
चार लाख व्होल्टची लाइन बंद-चालू करते;
तिथे प्रत्येक खटक्याला नाव असतं आणि एक जबाबदार माणूस.
इथे एका ब्लिंकरने माझे तीन शनिवार खाल्ले.
गॅरेजच्या दारावर नकाशा चिकटवून
पोर वाचतं तशी बोट ठेवून वाचत गेले:
रेघ रेघेला ओलांडते तिथे ठिपका आहे का?
ठिपका असेल तर भेट,
नसेल तर एकाच रस्त्यावरचे, ओळख न दाखवणारे शेजारी.
मल्टिमीटरचं एक टोक इकडे, एक तिकडे,
जीव सगळा कानात.
बीप नाही.
बीप नाही.
हेडलाइट लावला तर हॉर्न वाजला.

चौथ्या शनिवारी ग्रीस पुसताना नखाला काहीतरी अडकलं.
प्रत्येक तारेच्या टोकाशी भरतकामाचा दोरा,
रंग उडालेला, आणि दोऱ्यावर गाठी.
कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन.

वोर्शा पलीकडच्या गल्लीत राहते.
काकडीच्या लोणच्याच्या बरणीला टेकवून
तिच्यापुढे नकाशा उभा केला. तिने पाहिलाही नाही.
तारांची जुडी मांडीवर घेतली
आणि शेंगा निवडाव्यात तशी चाचपत गेली, चष्मा न लावता.

"लाल-हिरवं त्याला एकच दिसायचं.
सिग्नलला मीच सांगायचे, थांब. आता जा.
तारेला रंग असून त्याचा काय उपयोग?
म्हणून एक गाठ जमीन. दोन गाठी बॅटरी.
तीन चावी. चार पुढचा दिवा... की ब्रेक?
नाही, ब्रेक पाच. दिवाच."
"मग दोरे रंगीत कशाला?"
"घरात तेच होते, हान्का."

मी पेन्सिलने रंगांच्या जागी आकडे लिहीत गेले.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे,
मी मागचा डावा ब्लिंकर गाठला.

उरली एक. सात गाठींची.
साइडकारमधून निघून सीटखाली आलेली
आणि तिथे पकडीने तोडलेली, टोक काळं पडलेलं.
ती नकाशात नाही. कुठल्याच नकाशात नाही.
वोर्शाने ती जरा जास्त वेळ धरून ठेवली.
"हा माझा हॉर्न. वळणावर वेग कमी करेना की दाबायचे.
बारा वर्षं दाबला. एकदा बुडिशिनच्या पुलावर दाबला,
नेमका पोलिसाच्या कानाशी.
घरी आल्या आल्या त्याने पक्कड काढली."
"मग?"
"मग काय. मग ओरडायचे."

आता गाडीत सगळ्या तारा रंगीत, नियमाप्रमाणे.
नकाशा मी शाईने नव्याने काढला.
सातवी तार तुटक रेघेने दाखवली,
शेजारी काही लिहिलं नाही.

रविवारी वोर्शाला साइडकारमध्ये बसवलं.
हेल्मेट मोठं होतं, आत लोकरी टोपी घातली,
गुडघ्यांवर घोंगडी.
पवनचक्कीजवळचं वळण आलं. मी फार जोरात नव्हते,
पन्नास असेल. पंचावन्न.
हॉर्न वाजला.

माझा अंगठा बटणापाशी नव्हता.
आणि तिचं बटण पुन्हा जोडलंय
हे मी तिला सांगितलं नव्हतं.