ठोके

पासपोर्टच्या फोटोत सावली चालत नाही.
कानामागे बोटभर काळं उमटलं
तरी खिडकीतला माणूस फोटो परत ढकलतो.
म्हणून रास्ता पेठेतल्या या माडीवर
वीस वर्षं मी सावल्या झाडत आलो.
डावीकडून दिवा, उजवीकडून दिवा,
पाठीमागे एक, वरून छत्री.
माणसं धुऊन निघायची.

मंगळवारी त्रिंबक करडे आले, तांबट आळीतून,
बगलेत फडक्यात बांधलेली घागर.
मुलीनं सांगितलंय, कॅटलॉगला फोटो लागतात.
सवयीनं चारही दिवे लावले.
पडद्यावर घागर आली: गोल, लालसर, गुळगुळीत.
करडे चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
"माझे ठोके कुठायत?"
त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं विचारतात.
"मशिनीतून पडल्यासारखी दिसतेय ही."

मुनाफला म्हटलं, बंद कर.
एक गेला. दुसरा गेला. छत्री मिटली.
उरलेला दिवा खाली उतरवला,
घागरीच्या कुशीशी, जवळजवळ जमिनीला टेकवून.
संध्याकाळी नदीपात्रातल्या रस्त्यावर
ऊन असं आडवं येतं
आणि खडान् खडा मोठा करून दाखवतं.

मग ठोके आले.
गळ्यापासून खाली, ओळीनं,
प्रत्येकाच्या पोटात नखाएवढा अंधार.

कागदावर घागरीची सावली पडली ती
घागरीहून लांब, चौकटीबाहेर निघालेली.
कॅमेरा सरकवला. घागरीला कोपरा दिला,
उरलेली सगळी जागा सावलीला.
एवढी मोकळी जागा मी आजवर
कुठल्याच गिऱ्हाइकाला दिली नव्हती.

एका ठिकाणी ओळ घसरली होती.
चार ठोके वेडेवाकडे, खोल.
हा भाग मागे फिरवू का, विचारलं.
ऐकू आलं नसावं. किंवा आलं असावं.
"हे चार पोराचे," करडे म्हणाले,
"एक दुपार बसला होता शेजारी.
मग चाकणला लागला."
आणि बोटानं घागर अंगुळभर फिरवली,
ती बाजू उजेडाकडे.
"ही विकायची नाही. विकायची दुसरी आहे."

ते जिना उतरेपर्यंत
दारात कोणी चपला काढत होतं.
व्हिसाला दोन फोटो, आत्ताच्या आत्ता.
बसा, म्हटलं.
मुनाफ, चारही लाव.
पण सावकाश लाव.
तोवर एका दिव्यात
मी त्या माणसाकडे बघून घेतलं.