छेद शहाण्णव

रुवीच्या टायपिंग सेंटरात एसीचं पाणी बादलीत पडत होतं.
नाव?
कासम हसन चौगुले, राहणार बाणकोट.
पासपोर्टात कासम. मृत्यूच्या दाखल्यावर कासिम.
म्हणजे कागदोपत्री दोघे वारले होते
आणि आम्ही वारस एकाचेच.
मग मंडणगडहून प्रतिज्ञापत्र मागवलं:
कासम व कासिम हे एकच इसम.
तीन शिक्के, दोन शहरं, सव्वा महिना.
तोवर बँकेत अब्बांचं खातं
बर्फातल्या सुरमईसारखं, डोळे उघडे.

आधी कफन, मग देणी, मग वाटे.
कचेरीतला म्हातारा बोटांवर सांगत होता,
करंगळी, अनामिका, मधलं.
कफन कंपनीनं दिलं होतं.
देणं निघालं कोपऱ्यावरच्या दुकानाचं,
चौदा रियाल, साडेतीनशे बैसा:
अंडी, रिचार्ज, दाढीची ब्लेडं.

मी सातवीला अपूर्णांक शिकवते.
बायकोला एक अष्टमांश, आईला एक षष्ठांश,
उरलेल्यात मुलगा दुप्पट, मुली एकेरी.
लसावि त्याच्याआधी मीच काढला.
छेद शहाण्णव.
अम्मी बारा. दादी सोळा. भाऊ चौतीस.
मी सतरा, धाकटी सतरा.
म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवून
पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.
भाऊ दोह्याला होता.
त्यानं मुखत्यारपत्र पाठवलं होतं, व्यवस्थित, प्लास्टिकच्या पिशवीत.
हेलपाटे माझे.

दादीला फोनवर सांगितलं, तुझे सोळा.
ती बराच वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, वारसा उताराला जातो गो.
भरतीचं पाणी खाडीत उलटं शिरतं
तसा हा माझ्याकडे कुठे चढत आला?

खोलीत दोन बंक, चौघांची झोप.
अब्बांच्या उशीच्या अभ्र्यात एक वही.
येणं.
सगळी नावं खोडलेली, एक सोडून:
मोतालिब, १२०.
मोतालिब वरच्या बंकवर बसला होता, पाय लोंबकळत.
म्हणाला, चाचांनी सोडून दिले होते, आपा.
तोंडी.

वही बॅगेत टाकता आली असती.
पण तोंडी माफी बोलणाऱ्याबरोबर गेली होती,
आणि लिहिलेलं येणं आता पाच जणांचं.

दादी म्हणाली, माझे सोळा सोडले, त्याला दुआ सांग.
मी माझे सतरा सोडले.
अम्मी म्हणाली, धाकटीचं लग्न आहे,
तू शहाणी आहेस.
धाकटीला कुणी विचारलंच नाही.
भाऊ म्हणाला, बघू.

उरले त्रेसष्ट.
एकशेवीसचे शहाण्णवातले त्रेसष्ट,
अठ्ठ्याहत्तर रियाल, सातशे पन्नास बैसा.
मी दोनदा पडताळून पाहिलं,
कुठे चुकले तर बरं, अशा आशेनं.
आकडा वहीत लिहिला, अब्बांच्याच पेननं,
आणि वर धरला.
मोतालिबनं तो ओठ हलवत वाचला.
खाली उतरला. खुंटीवरच्या पँटचे खिसे चाचपले.
म्हणाला, आधी सुट्टे देतो.

अर्ध्या रियालची नोट, चौघडी मोडलेली,
आणि नाणी.
जिना उतरेपर्यंत मुठीत ती गरम झाली.
रस्त्यावर दुपार भट्टीसारखी.
सातशे पन्नास बैसा,
त्यातला एकही माझा नव्हता.