सातनंतरचा फोन

वाडीच्या गोडाऊनमध्ये माझे चोवीस लोक.
त्यांचा ताण घालवायला मागच्या एप्रिलमध्ये
मी एक माणूस बोलावला, तासाचे पाच हजार.
डोळे मिटा, म्हणाला. खोल श्वास घ्या.
बाहेर रायपूरच्या मालाचे तीन ट्रक खोळंबलेले,
वरचा पत्रा तापून तडतडत होता,
सगळ्यांनी श्वास घेतला, डिझेलचा,
एका डोळ्यानं माझ्याकडे बघत.

डिस्पॅचचा धकाते तेवढा खरंच मिटून बसला.
नरहरी धकाते, एकोणीस वर्षं झाली माझ्याकडे.
तो झोपला होता.
मी हसलो. मग बाकीचे हसले,
मी हसलो म्हणून.

मे महिन्यात एका रात्री, नऊ वाजले असतील,
बिल्टी सापडेना, तर मी त्याच्या घराकडेच निघालो.
गोळीबार चौकाच्या मागे एकीसारखी दुसरी गल्ली,
पूर्वी तिथं मागांचा खटखटाट असायचा, आता कूलरचा.
घर कळेना. फोन लावला.

समोरच्याच खिडकीत वाजला.
सायरन.
माझ्या नावाला त्यानं आगीच्या बंबाचा
सायरन लावून ठेवला होता.

कूलरसाठी खिडकी सताड उघडी.
मी अंधारात, फोन कानाला,
आणि समोर उजेडात पाटवडीचा रस्सा, ताटं, माणसं.
मुलीनं टीव्हीचा आवाज बंद केला, कुणी न सांगता.
मुलगा धावत जाऊन वही-पेन घेऊन आला.
बायकोनं गॅस बारीक केला,
मधेच शिट्टी व्हायला नको.
आणि धकाते उभा राहिला.
बोटं रश्श्यानं माखलेली, अंगात बनियान,
कमरेचा टॉवेल त्यानं नीट केला,
मग म्हणाला, "हो जी, साहेब."

किती तालीम झाली असेल त्या घरात.

मी म्हटलं, काही नाही, चुकून लागला.
"माझं काही चुकलं का जी?"
तीनदा विचारलं त्यानं.

बिल्टी माझ्याच गाडीत निघाली, सीटखाली.

रात्री मी मोबाइल उघडून मोजत बसलो.
महिन्यात सातनंतरचे एकशे बारा फोन.
त्यातले गरजेचे किती, त्याला
एका हाताची बोटं पुरली. अंगठा उरला.

भाषण नाही केलं.
उशाशी शाळेची वही ठेवली,
रात्री जे आठवेल ते तिच्यात.
सकाळी निम्म्या ओळी मलाच लागेनात.
"टायर." "रायपूर, पुन्हा?"
एका पानावर नुसतंच "धकातेला विचारणे",
काय, ते नाही.

उन्हाळ्यापुरतं लोडिंग पहाटे पाचला आणलं,
बारा ते चार बंद.
एक पार्टी तुटली त्यात, वर्धमाननगरची, मोठी.
खोटं कशाला बोलू, तीन रात्री तळमळलो,
एकदा तर वही सोडून फोन हातात घेतला होता.
आणि माझ्या केबिनमधला कूलर मी बाहेर दिला नाही,
त्यांच्यासाठी दुसरा आणला.
मी काही संत नाही.

सुट्टीच्या अर्जात कारण लिहू नका म्हटलं,
तरी वासनिकबाई दोन महिने लिहीत राहिल्या,
"पोटात दुखते", "पोटात दुखते".
दिवाळीनंतर एकदा ती जागा कोरी आली.
तो अर्ज मी फाइलला लावला नाही,
खणात ठेवलाय. का, ते सांगता येत नाही.

सायरन अजून आहे की गेला, ठाऊक नाही.
विचारणार कसं?
मी विचारलं, की ते साहेबांनी विचारलेलं होतं.

काल सकाळी साडेदहाला फोन लावावाच लागला,
कामाचा, खरोखर कामाचा.
काचेतून तो दिसत होता, टपरीच्या बाकावर,
तर्री-पोह्याची प्लेट मांडीवर.
इथवर आवाज येत नाही.
त्यानं स्क्रीनकडे पाहिलं.
बसूनच राहिला.
"थांबा जी," म्हणाला,
"घास आहे तोंडात."

मी थांबलो.
तो सावकाश चावत होता.