चार अक्षरं आधी

रबाळे एमआयडीसी, पहिला मजला,
रात्रीचे पावणेतीन.
दिव्याखाली जेल धरलं
तर कडेच्या मापाच्या पट्ट्या तेवढ्या उजळ,
बाकी सातही रांगा कोऱ्या.
"मॅडम, एंझाइम मेलंय," जुईली म्हणाली,
रडायचीच बाकी होती.

मेलं नव्हतं.
तिनं मिश्रणात टीच्या जागी यू घातला होता,
दुसऱ्या एंझाइमचा कागद समोर ठेवून.
त्या दुसऱ्याला यू काय, टी काय,
दिसेल ते उतरवायचं आणि पुढं जायचं.
हे तसलं नाही.

हे मूळचं आर्कियांचं,
समुद्रतळाच्या फटीत, जिथं पाणी उकळूनही
उकळायला जागा नसते.
(आमची चांगीआत्या अकलोलीच्या कुंडात गुडघे शेकायची,
तेवढ्या उन्हाला ती "देवाचा हात" म्हणायची.
हे त्याच्या कितीतरी पलीकडचं.)
तिथं अक्षरं टिकत नाहीत.
उष्णतेनं सीचं एक टोक झडतं,
आणि सी होता तिथं यू बसलेला असतो,
शांत, सभ्य, टीसारखाच दिसणारा.
त्याची नक्कल झाली की झालं.
पुढच्या नकलेत तो चुकलेला नसतो,
तो मूळच असतो.

म्हणून या एंझाइमला एक खिसा आहे.
लिहिण्याच्या जागेच्या पुढं, अजून न उतरवलेल्या ओळीवर
तो चाचपत जातो.
धड अक्षरं त्यात मावत नाहीत, अडखळून बाहेरच राहतात.
मावतो तो फक्त झडलेला,
अगदी मापाचा शिवल्यासारखा.
आणि तो मावला की
चार अक्षरं आधीच
हे थांबतं.
दुरुस्त करत नाही, ते त्याचं काम नव्हे.
नुसतं थांबून राहतं,
ज्याचं काम आहे तो येईपर्यंत.

जुईलीला इतकंच सांगितलं.
आत्याचं नाही सांगितलं.

तळवलीची जमीन गेली तेव्हा
जुन्या सातबाऱ्यावर ती चांगीबाय होती.
शाई उडाली की कसर लागली, कोण जाणे,
एक टिंब झडलं.
कचेरीत नक्कल निघाली: चागीबाय.
नकलेवरून नक्कल, तिच्यावरून यादी,
यादीवरून कॉम्प्युटर.
किती हात, किती शिक्के,
आणि प्रत्येकानं खाली लिहिलेलं,
अस्सल बरहुकूम.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघाला
तो चागीबाय नावाच्या बाईचा,
जी कधी जन्मलीच नव्हती.
आत्या बेलापूरच्या खिडकीपाशी उभी,
"मी हाय ना, मना बगा."
खिडकीतला माणूस वाईट नव्हता.
त्यानं कागद बघितला.
कागदात चूक नव्हतीच.

ती गेली तेव्हा दाखल्यावरही
चागीबायच लिहावं लागलं.
नाहीतर दावा बुडाला असता.

आता जुईली विचारते, मग करायचं काय?
सोमवारी साठ रिपोर्ट द्यायचेत.
करायचं सोपं आहे.
कंपनीच्या यादीत याचंच एक सुधारित रूप मिळतं,
खिसा बुजवलेलं.
यू आला तरी थांबत नाही,
काम वेळेत होतं, थोडं महाग पडतं.
मी मागणीचा फॉर्म काढला.
संख्या: दोन. तातडीचं: होय.
खाली सही करताना पेन जरा रेंगाळलं.

सुगंधा भोईर.
टिंब आधी दिलं,
मग त्याच्याखाली ग काढला.