मागच्या पानावरून

यंदा मे महिन्याची एक तारीख शुक्रवारी येते.
म्हणजे सत्त्याऐंशी चालेल, ब्याण्णव चालेल, अठ्ठ्याण्णवही.
एक्क्याऐंशीसुद्धा, पण तेव्हा हे यंत्र जन्मलं नव्हतं,
उगाच गोंधळायचं.

दर वसंतात, भट्ट्या घासून व्हायच्या आत,
मी जुन्या कॅलेंडरांची चळत घेऊन बसते
आणि त्याला एक वर्ष निवडून देते.
खरं वर्ष त्याला सोसत नाही.
ल्युबेनने प्रोग्रॅम लिहिला तेव्हा
वर्षाला दोनच आकड्यांची जागा ठेवली.
नव्व्याण्णवच्या पुढे पाऊल टाकायचं म्हटलं
की ते थांबतं,
पुलाच्या तोंडाशी गाढव थांबावं तसं.

काझान्लाकच्या खोऱ्यात गुलाब तीन आठवडे फुलतो.
बाकी वर्षभर यंत्र मेणकापडाखाली निजलेलं.
त्याला फेब्रुवारीशी देणंघेणं नाही, लीप वर्षाशी नाही,
मेमधले वार जुळले की झालं.
शनिवारी मजुरीचा कागद छापायचा असतो,
आणि शनिवारचा शुक्रवार झालेला
शिबिला आणि तिच्या जावा खपवून घेत नाहीत.

जुळणारी वर्षं कधीतरी संपतील, अशी धास्ती होती मला.
एका रात्री हिशेब मांडला.
संपत नाहीत.
सातच तर तऱ्हेचे मे असतात.

बाकी माझी डागडुजी.
घड्याळाची बटणाएवढी बॅटरी, दर तिसऱ्या वर्षी.
फुगलेले कपॅसिटर. पंख्यात तेलाचा थेंब
(शिलाई मशीनचं तेल, गुलाबाचं परवडत नाही).
हार्ड डिस्क करकरायला लागली, तेव्हा
कॅमेऱ्यातलं कार्ड तिच्या जागी बसवलं;
सिस्टिमला अजून पत्ता नाही.
नवा प्रिंटर आला, त्याची भाषा हिला कळेना,
मग सहा रात्री जागून
एकशे चाळीस बाइटचं ठिगळ लावलं,
ल्युबेनच्या टाक्यांना लागून माझे टाके.
त्याचे बारीक. माझे दिसतात.

मालकाचा कालोयान सोफियाला जाऊन
नव्या यंत्रणेचे भाव काढून आला.
तिला आमचे थर्मामीटर ओळखता येत नाहीत.
थर्मामीटर बदला, तर तांब्याच्या भट्टीला भोकं पाडा,
भोकं पाडा, तर...
त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली.
"अजून एक वर्ष, पेन्कामावशी."
हे त्याचं सहावं एक वर्ष.

जाता जाता विचारतो, अठ्ठ्याण्णव का नको? तेवढंच जवळ.
मी कार्डातल्या जागेचं काहीबाही सांगितलं.
ल्युबेन सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात गेला.

चौदा मे, गुरुवार. पहाटेचे पाच.
अंगणात पोती येऊन पडलीत,
बायकांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
पडदा हिरवा होतो आणि विचारतो:
या तारखेची नोंद आहे. पुसून नवी लिहू?

मी नोंद उघडते.

पहिली भट्टी ५:४०. फुलं ओली, वजनात आठ टक्के कापले.
पेन्का उशिरा. सायकल पंक्चर होती असं म्हणते.

असं म्हणते.
ल्युबेन मोजल्याशिवाय काही लिहायचा नाही.

त्याखाली माझ्या ओळी,
ब्याण्णव याआधी तीनदा वापरून झालंय:
पेन्का वेळेवर.
पेन्का वेळेवर.
भट्टी दोन गळते. पेन्का वेळेवर.

पुसू? नाही.
खाली जोड.

पहिली भट्टी ५:३५. फुलं कोरडी.
सायकल पंक्चर नव्हती.

दारातून शिबिला ओरडते,
टकटक पुरे झाली गं बाई,
आधी वजन कर,
ऊन चढलं की फुलातलं निम्मं उडून जातं.