चार सेकंद आधी

इकडच्या बोलीत नदीला 'वाद' म्हणतात.
आमचा वाद उन्हाळ्यात गुडघाभरही नसतो.
शेळी ओलांडते, प्लास्टिकची पिशवी ओलांडते,
बेडूक दोन्ही देशांत ओरडतात.
माणसांना मात्र चौऱ्याण्णव सालापासून बंद.
इकडे कुंपण, तिकडे खंदक,
मध्ये वेळूचं बेट, कुणाचंच नाही.

आईचं माहेर पलीकडे.
गच्चीवर चढलं की दिसतं:
निळी पाण्याची टाकी, अंजिराचं झाड,
लख्दरमामाच्या कॉफीच्या दुकानावरचा दिवा.
हाकेच्या अंतरावर. म्हणजे खरोखरच हाकेच्या;
माझ्या जन्माची बातमी आजोबांना
तशीच ओरडून कळवली होती.

मॅचच्या रात्री
वडील लाल शर्ट घालून टीव्हीला नाक लावून बसत.
आई मागे, भिंतीशी,
सूर्यफुलाच्या बिया सोलत.
ती कुणाच्या बाजूची, हे घरात
कुणी विचारत नसे.

आमच्याकडे चित्र चार सेकंद उशिरा यायचं.
का, कोण जाणे.
वडील म्हणत, त्यांचाच काहीतरी डाव.
म्हातारा बुजमा म्हणे, उपग्रह आधी त्यांना दिसतो.
आमचा गोली अजून हातमोजे सावरतोय,
चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर,
आणि नदीपलीकडून आरोळी उठायची.
वडील पडद्यावर खेकसायचे,
"डावीकडे! गाढवा, डावीकडे!"
होऊन गेलेलं अडवायला बघायचे.
आई मान खाली घालून बी सोलायची,
पण मी पाहिलंय,
त्या चार सेकंदांत तिच्या गालाला खळी पडायची.

आणि पलीकडे एकदम सामसूम झाली
की आम्ही पोरं खुर्च्या लोटून उभे राहायचो,
आमचा चेंडू जाळीत जायच्या आधीच.

त्या रात्री एकोणसत्तराव्या मिनिटाला
त्यांनी गोल केला. कोपऱ्यातून आलेला, डोक्याने, देखणा.
पडद्यावर केला.
आरोळी आलीच नव्हती.

"वीज गेली असेल त्यांची," वडील म्हणाले.
टाकीवरचा दिवा तर जळत होता.
आई उठली. मांडीवरच्या बिया
फरशीभर झाल्या.
"लख्दरनं दुकान बंद ठेवलंय," म्हणाली,
"मॅचच्या दिवशी."
टीव्ही कुणी बंद केला आठवत नाही.
फोन त्यानंतर वाजला.

आठशे मीटर.
म्हणजे बसने कॅसाब्लांका,
विमानाने ट्युनिस, तिथून वाहरान,
तिथून टॅक्सी. तीन दिवस, शिवाय कर्ज.
माती तर उद्या दुपारच्या नमाजानंतर.

आम्ही कठड्याशी जाऊन उभे राहिलो.
पलीकडे दुकानातली पोरं जनाजा घेऊन
कबरस्तानाची वाट सोडून
मुद्दाम नदीकाठाने आली.
काहींच्या अंगात रात्रीचे हिरवे शर्ट तसेच.
त्यांच्या चौकीतल्या शिपायाने
पाठ फिरवून सिगरेट पेटवली,
ती बराच वेळ पेटेना.

आई ओरडली नाही.
ओरडले ते वडील.
ज्या मेव्हण्याला वीस वर्षं
फक्त शिव्या पोचवल्या, त्याच घशाने
त्याचं नाव, बापाच्या नावासकट.
अंगात लाल शर्ट आहे
हे त्यांना घरी परतल्यावर कळलं.

जाताना तय्यबने, मामाच्या थोरल्याने,
हातांचा कर्णा करून आत्याला काही सांगितलं.
वाऱ्याने अर्धं खाल्लं.
मला 'दोन' ऐकू आलं, आणि 'शेवटी'.
ते मॅचचं होतं की मामाचं,
आम्ही पुन्हा विचारलं नाही.

आता मी घरात नवा डबा बसवलाय.
गोल दोन्ही काठांवर एकदमच होतो.
आई म्हणते, हा चांगला नाही,
जुना लाव.